वॉनस्टेडचा खड्डा

लंडनमधल्या इलफर्डला बहिणीकडे मुक्काम असला की माझी सकाळची रपेट वॉनस्टेड पार्कात. तळी, बदकं, कुत्री फिरवणारे आजोबा. पार्काला लागूनच गोल्फचं मैदान आहे. तिथल्या हिरवळीत एका जागी जमीन परातीसारखी दबलेली दिसते. मला वाटलं, तळं आटलं असेल. भाचा म्हणाला, "मामा, तिथे महाल होता!"

आता खड्ड्याकडे बघून महाल कसा डोळ्यांसमोर आणायचा? दर्शनी बाजूच २६० फूट. कोलिन कॅम्बेल या वास्तुकाराने १७१५च्या सुमारास रिचर्ड चाइल्डसाठी त्याचं काम सुरू केलं. पोर्टलंडचा फिकट दगड, तळमजला मुद्दाम बुटका, खरा थाट सगळा वरच्या मजल्यावर. आणि मधोमध सहा उंच खांब, त्यांवर त्रिकोणी माथा. थोडक्यात, रोमन देवळाचं तोंड आणून राहत्या घराला लावलेलं. इंग्लंडात तेव्हा हे नवलच होतं, पुढे मात्र त्याची साथ पसरली. यॉर्कशरमधल्या वेंटवर्थ वुडहाउसची पूर्व बाजू वॉनस्टेडवरूनच बेतलेली. नक्कल अजून दिमाखात उभी आहे. रिचर्डचं कुटुंब वॉनस्टेडच्या दिवाणखान्यात बसलंय, असं चित्र हॉगार्थने काढलं होतं. तेही आता पार फिलाडेल्फियाला.

मूळ पैसा रिचर्डच्या वडिलांचा, जोसाया चाइल्डचा. ही जागा त्यानेच घेतली होती. जोसाया म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभारी. हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलं नाही, पण लंडनमध्ये बसून थेट औरंगजेबाशी लढाई उकरून काढली. ती निस्तरली मुंबईने. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत शिवडीला उतरला, बेटाला वेढा पडला, आणि अखेर दीड लाख रुपये दंड भरून कंपनीने बादशहाची माफी मागितली. वॉनस्टेडला जोसायाने लावलेल्या अक्रोडाच्या रांगांना याची झळ लागली नसावी.

पुढे हे सगळं रिचर्डच्या वंशातल्या कॅथरीन टिल्नी-लाँग या तरुण मुलीच्या वाट्याला आलं. धाकटा भाऊ लहानपणीच गेला, म्हणून. राजपुत्र क्लॅरन्ससुद्धा, म्हणजे पुढचा राजा चौथा विल्यम, तिच्यामागे लागला होता. तिने त्याला नकार दिला आणि १८१२ मध्ये विल्यम वेलस्ली-पोलशी लग्न केलं.

वेलस्ली! मी जालन्याचा. असईला शाळेची सहल गेली होती. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला जिथे हरवलं, तिथे आम्ही केळणेच्या काठी बसून दशम्या खाल्ल्या होत्या. हा विल्यम त्या आर्थरचा सख्खा पुतण्या. त्याने एवढा महाल कर्जात घालवला हे कळल्यावर, खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. पण गेलं ते सगळं कॅथरीनचं होतं, हे ध्यानात आलं आणि ओशाळलो.

दहा वर्षांत सावकार दारात आले. १८२२ मध्ये घरातल्या सामानाचा लिलाव मांडला, तो ३२ दिवस चालला. खुर्च्या, पडदे, चित्रं, सगळं गेलं तरी देणी फिटेनात. मग महालच मोडीत काढला. दहा हजार पौंडांना, दगडांच्या भावाने. अट एवढीच, की पायापर्यंत सगळं उचलून जागा मोकळी करायची. पुण्यात वाडा पाडला तरी निदान जोतं बरेच दिवस दिसत राहतं. इथे तेही उपसलं. १८२५ मध्ये पाडकाम संपलं आणि त्याच वर्षी कॅथरीनही गेली.

महालाचा तबेला मात्र वाचला. आज तिथे गोल्फ क्लब आहे. घोड्यांची जागा राहिली, मालकिणीची गेली.

परवा कुंपणाशी उभे होतो. कुणाचा तरी चेंडू घरंगळत त्या खोलगटात गेला. पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ गाडी ओढत मागोमाग उतरले. उतरता उतरता ते कमरेपर्यंत दिसेनासे झाले. भाचा म्हणाला, "मामा, आता ते तळघरात असतील."