महिरपीची नोंद ४ : बिंदू कमी केले तेव्हा मशीन धावलं

गणपतीला सहा आठवडे उरलेत आणि मखराच्या महिरपीचा डावा अर्धा भाग एकदाचा धड कापून झाला. आमचं ३०१८ मशीन (संगणकाच्या सांगण्यावरून फिरत्या बिटाने लाकूड कापणारं छोटं सीएनसी) ३०० बाय १८० मिलिमीटरच कापतं, म्हणून अर्धीच महिरप काढायची, उलटवायची आणि मधोमध जोडायची. माल ६ मिमी एमडीएफ, बिट, म्हणजे कापणारं पातं, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेलं ३.१७५ मिमी व्यासाचं. काम दुपारी चारनंतरच, कारण त्याआधी खालच्या मजल्यावर वामकुक्षी चालते.

मागच्या खेपेला सगळ्या कडा करपल्या होत्या. मी बिटाला शिव्या घातल्या, नवं लावलं, तरी तेच. मग घड्याळ लावून बसलो. कॅम (ड्रॉइंगवरून मशीनच्या आज्ञा बनवणारं सॉफ्टवेअर) म्हणत होतं दीड मिनिट, लागली साडेपाच. फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, मिनिटाला ९०० मिमी दिलेला, पण मशीन रांगत होतं. बिट रेंगाळलं की कापण्याऐवजी घासतं, तीच ती करप.

घोळ ड्रॉइंगमध्ये होता. आजीच्या देवघराचा फोटो इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून आर१२ डीएक्सएफ (ड्रॉइंग फाइलचा एक जुना प्रकार) काढली होती. आर१२ मध्ये स्प्लाइन, म्हणजे मुक्त वक्र, ही वस्तूच नाही, त्यामुळे प्रत्येक वक्राचे सरळ तुकडे पडतात. कड गुळगुळीत यावी म्हणून मी ते तुकडे हौसेने ०.०५ मिमीपर्यंत बारीक केले. तीन पास (त्याच रेषेवरून खोल होत जाणारे फेरे) मिळून मशीनला आज्ञांच्या पंचवीस हजार ओळी!

आता हिशेब बघा. जीआरबीएल, म्हणजे मशीनच्या बोर्डावरचं चालवणारं सॉफ्टवेअर, पुढच्या सुमारे १६ हालचाली पाहून ठेवतं आणि तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग घेतं. सोळा गुणिले ०.०५ म्हणजे ०.८ मिमी. माझा प्रवेग डिफॉल्टच, सेकंदवर्गाला १० मिमी. वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले प्रवेग गुणिले अंतर: दोन गुणिले १० गुणिले ०.८ म्हणजे १६, वर्गमूळ ४. सेकंदाला ४ मिमी, मिनिटाला २४०. फीड ९०० टाका नाहीतर ९०००, मिळणार २४०च. कंटूर, म्हणजे कापायची बाह्यरेषा, ४२० मिमीचा, पास तीन; भागून बघा, सव्वापाच मिनिटं येतात.

गंमत म्हणजे जी२-जी३ (वर्तुळाचा तुकडा, म्हणजे आर्क, कापायच्या आज्ञा) दिलं तरी जीआरबीएल आर्कच्या रेघाच पाडतं. पण ०.००२ मिमी टॉलरन्सने (खऱ्या वक्रापासून चालणारा फरक) पाडतं, म्हणजे २० मिमी रेडियसच्या आर्कवर साधारण ०.५७ मिमीची एकेक रेघ. सोळा रेघांत नऊ मिमी पुढचं दिसतं आणि वेग मिनिटाला ८०० मिमीपर्यंत चढू शकतो.

हे कळूनही मी ट्रेसचे नोडच (रेषेवरचे बिंदू) पुसत बसलो होतो. शेजारचे काका, पूर्वी पॅटर्न मेकिंग (ओतकामाचे लाकडी नमुने बनवणं) केलेले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अरे, ह्याचं सेंटर कुठाय?" सेंटर नव्हतंच. सुताराने मूळ महिरप कंपासने आखलेली असणार, आणि मी तिचे हजारो बिंदू करून ठेवले होते.

मग लिबरकॅड या मापात आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो खाली ठेवून तीन बिंदूंच्या आर्कने सगळं नव्याने काढलं. अर्ध्या महिरपीला अकरा आर्क पुरले. दोन आर्क सांध्यावर गुळगुळीत जुळायचे तर दोन्ही सेंटर आणि सांधा एका रेषेत हवेत. पायथ्याच्या उलटसुलट वळणाला हेच लावलं. माथ्यावरच्या आर्कचं सेंटर बरोबर मधल्या रेषेवर ठेवलं, नाहीतर उलटवून जोडल्यावर तिथे चोच येते. (पहिल्यांदा आलीच.) एका सांध्यात ०.००३ मिमीची फट राहिली होती, तेवढ्यावर कॅमने कंटूर उघडा आहे म्हणून काम नाकारलं. स्नॅप (टोकाला टोक आपोआप चिकटवायची सोय) लावून टोकं जुळवली. ट्रेसशी ताडून पाहिलं तर जास्तीत जास्त फरक ०.२ मिमी. आजीला दिसणार नाही.

वेळ दोन मिनिटांच्या जरा आत. कड एमडीएफच्याच रंगाची. मात्र पावसाळी हवेत ती कापल्या कापल्या ओलावा धरते, म्हणून त्याच संध्याकाळी सीलरचा हात मारला.

राहिली आतली पानं. त्यांची टोकं ड्रॉइंगमध्ये अणकुचीदार आहेत, पण बिट १.५९ मिमी, म्हणजे स्वतःच्या निम्म्या व्यासापेक्षा, लहान आतला रेडियस देऊच शकत नाही. बरोबर १.५९ ठेवला तर बिटाचं केंद्र कोपऱ्यात थबकतं आणि तिथे पुन्हा काळा ठिपका उमटतो. म्हणून २ ठेवतोय. एक पान भंगार तुकड्यावर कापून पाहिलं, जरा भेंडीसारखं दिसतंय. १ मिमीचं बिट मागवू की नक्षीच बदलू, हे अजून ठरत नाहीये. उजवा अर्धा भाग रविवारी.