समोर लिहिलेलंच तर वाचायचं असतं ना?

मी बातम्यांच्या कंट्रोल रूममध्ये काम करते हे कळलं, की टीव्हीवरच्या निवेदकांबद्दल हा प्रश्न ठरलेला. "समोर लिहिलेलंच तर वाचायचं. त्यात वीस-तीस वर्षं टिकण्यासारखं काय आहे?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक तिरकी काच असते. तिच्यावर टेलिप्रॉम्प्टरच्या ओळी सरकतात, म्हणून निवेदक थेट तुमच्याकडे बघत बोलतोय असं वाटतं. हे तंत्र मेहनती माणसाला काही महिन्यांत जमतं.

मोठी बातमी येते तेव्हा मात्र त्या काचेवर काहीच नसतं. स्क्रिप्ट नाही, तीच ती दृश्यं फिरताहेत, आणि आम्ही कंट्रोल रूममधून टॉकबॅकवर, म्हणजे निवेदकाच्या कानातल्या इअरफोनमध्ये, बोलत असतो : "फोनो लागलाय," म्हणजे वार्ताहर फोनवर आलाय. "मृतांचा आकडा पक्का नाही, घेऊ नका." "अजून दोन मिनिटं ओढा." हे सगळं ऐकत तोंडातलं वाक्य नीट पुरं करायचं. मुरलेल्या निवेदकाच्या चेहऱ्यावर आमच्या बोलण्याचा मागमूसही दिसत नाही. इतकी वर्षं बघूनही मला त्याचं अप्रूप वाटतं.

अशा वेळी मला अमेरिकेतले वॉल्टर क्रॉन्काइट आठवतात. १९६२ ते १९८१ अशी एकोणीस वर्षं ते सीबीएस या टीव्ही वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्या देत होते. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळीबार झाला, तेव्हा स्टुडिओतला त्या काळचा कॅमेरा तापून सुरू व्हायला वेळ लागणार होता, म्हणून पहिली बातमी त्यांनी नुसत्या आवाजात दिली. केनेडी गेल्याचं सांगताना त्यांनी चष्मा काढला, आवंढा गिळला; ते दृश्य सगळ्यांच्या लक्षात आहे. माझं लक्ष मात्र त्याआधीच्या काही मिनिटांवर जातं. डॅलसहून त्यांच्याच वार्ताहरानं, डॅन रॅदर यांनी, मृत्यूची खबर कळवली होती. क्रॉन्काइटनी ती सांगितली, पण अधिकृत दुजोरा नाही हेही लगेच सांगितलं. वृत्तसंस्थेचा कागद हातात आल्यावरच त्यांनी ते ठामपणे म्हटलं. सगळा देश कान लावून बसलेला असताना असं थांबणं फार अवघड असतं. लोक वर्षानुवर्षं एखाद्याच्या तोंडून बातमी ऐकतात, त्यामागे असं थांबणं असतं. चेहरा, आवाज यांचा नंबर त्यानंतर.

हे येतं कुठून? माझ्या मते बातमीदारीतून. क्रॉन्काइट स्टुडिओत येण्याआधी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे वार्ताहर होते, दुसरं महायुद्ध त्यांनी जागेवर जाऊन कव्हर केलं होतं. ज्यानं स्वतः फोन फिरवून बातमीची खातरजमा केली आहे, त्याला कच्ची बातमी ऐकताक्षणी कळते. म्हणून अँकर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींना मी आधी दोन-तीन वर्षं रिपोर्टिंग करायला सांगते. पुष्कळांचा चेहरा पडतो. तरी मी तेच सांगते.