भुंगेऱ्याच्या पाठीवरचा पांढरा डाग : आमची वाटचाल

नाशिकच्या सातपूरमधल्या गाळ्यात आम्ही फ्लॅशचे डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारे पडदे, बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे किडे आणि कोळी कॅमेऱ्यात टिपणारी हौशी मंडळी. आमच्या मालात आजवर झालेला जवळजवळ प्रत्येक बदल एका पांढऱ्या डागापायी झाला आहे.

भुंगेऱ्याची पाठ म्हणजे फुगीर आरसा. समोरचा दिवा जसा असेल तसाच तिच्यात उमटतो. आमच्या पहिल्या डिफ्यूझरला ट्रेसिंग पेपरचा एकच पडदा होता, तोही फ्लॅशपासून जेमतेम २ सेंटिमीटरवर. प्रकाशाला पसरायला जागाच नव्हती. पडदा मधोमध झगझगीत, कडेला काळपट. तोच डाग भुंगेऱ्याच्या पाठीवर बसायचा आणि त्याखालचे ठिपके पार धुऊन जायचे. पडदा जाड केला, तर उजेड घटला, डाग जागचा हलला नाही. इलाज निघाला अंतरात: फ्लॅशच्या तोंडाशी एक छोटा पडदा, मग ५ सेंटिमीटर मोकळी जागा, मग किड्यावर छपरासारखा झुकणारा मोठा पडदा. दोन्ही मिळून दीड-दोन स्टॉप उजेड खातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तेवढा खर्च परवडतो.

पॅकिंगचा पांढरा फोम स्वस्त, पण कालांतराने पिवळा पडतो आणि फोटोलाही ती झाक येते. म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा दुधी पॉलिप्रॉपिलीन पत्रा घेतला. घडी पुन्हापुन्हा घातली तरी तो तुटत नाही. मात्र त्यावर डबल टेप टिकत नाही, पावसाळ्यात तर सुटतोच. आता सगळीकडे टिचबटणं.

पडदा किती पुढे आणायचा, यावर आमच्याकडे सर्वांत जास्त घासाघीस झाली. जवळ आणावा तितका प्रकाश मऊ, पण पानाला कड लागली की कोळी उडी मारून पसार. रेनॉक्स डीसीआर-२५० हे क्लोज-अप भिंग लेन्सवर लावल्यावर पुढे साधारण १२ सेंटिमीटर मिळतात. त्यातले ५ तरी कोळ्यासाठी मोकळे सोडतो.

खोक्यात सेटिंगचं कार्ड असतं: मॅन्युअल, एफ/११ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), १/१६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, फ्लॅश १/८ ताकदीवर. एफ/२२ वर जाऊ नका, असं त्यावर ठळक छापलंय. एकास एक मोठेपणाला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराइतकाच उमटतो तेव्हा, तो प्रत्यक्षात एफ/४४ होतो आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश फाकल्यामुळे, बारीक केसही पुसट दिसतात. एफ/११ वर स्पष्ट पट्टा मिलिमीटरभराचाच मिळतो, म्हणून उड्या मारणाऱ्या कोळ्याचे समोरचे दोन मोठे डोळे सेन्सरला समांतर हवेत.

मागणी वाढते पावसाळ्यात, अंजनेरीचा डोंगर हिरवा झाला की. फवारलेल्या द्राक्षबागेत फारसं काही सापडत नाही. बांधावरची घाणेरी बघावी.

सध्या कॅमेऱ्यातल्याच छोट्या फ्लॅशसाठी पडदा बनवतोय. तिथे लेन्सचीच सावली फ्रेमच्या खालच्या भागावर पडते. पडदा पुढे खेचला की सावली सरते, पण फ्लॅशचा जोर पुरत नाही. आयएसओ ४०० वर जमेल असं दिसतंय.