डब्लिनमध्ये रेसिडेन्स कार्ड काढताना

नवरा पेडण्याचा. सासऱ्यांचा जन्म 1961 च्या आधीचा, पोर्तुगीज अमलातला, म्हणून नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, माझा भारतीय. त्याला डब्लिनला नोकरी लागली आणि मी युरोपियन नागरिकाची पत्नी म्हणून रेसिडेन्स कार्डासाठी अर्ज टाकला.

तात्पुरती परवानगी लगेच मिळाली. मग सगळं थंड. सहा महिने उलटल्यावर पत्र आलं ते कार्डाचं नव्हे, तर माझ्या बँकेचं स्टेटमेंट आणि शिल्लक दाखवा, असं. अहो, कमावतोय तो! इथे नवरा म्हणाला, "देऊन टाक, कशाला वाद." मला ते पटेना.

2004/38 हा युरोपियन डायरेक्टिव्ह, म्हणजे युरोपियन युनियनने सदस्य देशांना घालून दिलेला कायदा, काढून वाचला. कलम 10 मध्ये कार्ड सहा महिन्यांच्या आत द्या असं स्वच्छ लिहिलंय आणि पत्नीकडून मागायच्या कागदांची यादीही आहे: पासपोर्ट, नात्याचा पुरावा, नवरा इथे राहतो याचा पुरावा. पुरेशा पैशांची अट नोकरी करणाऱ्याला नाहीच. शिवाय कार्डाने हक्क मिळत नाही, असलेल्या हक्काचा तो नुसता कागद. हे कळल्यावर माझ्या पत्रातली 'नम्र विनंती' गेली.

ओळखीच्या वकीलबाईंनी एक जुना निकाल सांगितला. 1990 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी मिलानच्या स्टेडियमचं काम निघालं होतं, त्या टेंडरचा वाद. 1989 मध्ये युरोपियन न्यायालय म्हणालं, डायरेक्टिव्हमधली तरतूद स्पष्ट आणि बिनशर्त असेल तर ती नगरपालिकेनेही पाळायची, आड येणारा देशी नियम बाजूला ठेवून. म्हणजे "आमच्याकडे असंच चालतं" हे टेबलामागच्या माणसाचं उत्तर चालत नाही. आयर्लंडला तर 2008 च्या मेटॉक निकालात नियमच बदलावा लागला होता: जोडीदार आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर राहिलेला हवा, ही अट न्यायालयाने उडवली.

मी एक पानी पत्र लिहिलं. कलमं, अर्जाची तारीख, सोबत नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा. स्टेटमेंट जोडलं नाही. उत्तर आलं नसतं तर सॉल्व्हिट या युरोपियन युनियनच्या तक्रार सोडवणाऱ्या सेवेकडे जाणार होते. अशाच तक्रारींसाठी प्रत्येक सदस्य देशात त्यांचं केंद्र असतं, फी नाही. तशी वेळ आली नाही. कार्ड आलं, पाच वर्षांचं.

आता गावाकडून फोन येतात, "लंडनला पण असंच ना?" नाही. ब्रिटन बाहेर पडलं. 2021 पासून नव्याने राहायला किंवा नोकरीला जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही तिथे व्हिसा लागतो, बायकोचं तर सोडाच.