थांबणारी माणसे

काझा, रात्री उशिरा

आज स्पीती खोऱ्यातल्या धनकर गावाच्या अलीकडच्या वळणावर मी ट्रायपॉड उघडत असताना वहिनी म्हणाली, "तुझं निवांत चालू दे, आम्ही पुढे जाऊन चहा घेतो." एवढेच. तिच्या बोलण्यात कुठेही खोच नव्हती. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला घड्याळाच्या धाकातून मोकळे केले होते, आणि मीही "हो हो, जा ना" असे जरा जास्तच उत्साहाने म्हणाले. माधवने पाण्याची बाटली दगडाच्या आडोशाला ठेवली, तो काही बोलला नाही, आणि गाडी वर गावाकडे निघून गेली. तेव्हापासून जे काही मनात खुपते आहे ते नक्की काय आहे हे मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे; एरवी या वेळी मी चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, हात घालून उद्याचे होल्डर भरत असते; एका होल्डरात दोन बाजूंना फिल्मचे एकेक शीट.

चार बाय पाच इंचांच्या फिल्मच्या कॅमेऱ्याला वेळ लागतो, हे आमच्या घरात कोणाला नव्याने सांगायला नको. ट्रायपॉड रोवायचा, कॅमेरा उघडून भात्यासारखे बेलोज ताणायचे, लेन्स बसवायची, डोक्यावर काळे कापड घेऊन ग्राउंड ग्लासवरचे, म्हणजे मागच्या दुधी काचेवरचे, ते उलटे, डावे-उजवे बदललेले चित्र पाहायचे, आणि मग लूप, म्हणजे छोटे भिंग, काचेला टेकवून कोपरान् कोपरा तपासायचा. थंडीत आपल्याच श्वासाने काच धुरकट होते, ती पुसून पुन्हा पाहावे लागते. त्यानंतर मीटर, फिल्टर, शटर बंद केल्याची खात्री, होल्डर, फिल्म झाकणारी डार्क स्लाइड. आणि एवढे सगळे जुळून येईपर्यंत ज्या प्रकाशासाठी हा खटाटोप मांडला तो बहुतेक वेळा डोंगरापलीकडे गेलेला असतो. या काळात बरोबरची माणसे काय करतात? थांबतात. कोकणकड्याच्या काठावर थांबली, हंपीच्या तापलेल्या धोंड्यांवर थांबली, सांदणच्या तोंडाशी जळवा काढत थांबली. दर खेपेला कापडातून डोके बाहेर काढून मी म्हणत आले, "झालंच हं, दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांवरून दादाने आजवर केलेले विनोद वेगळ्या वहीत लिहावे लागतील.

त्या थांबवण्याचे ओझे मला खरोखर वाटायचे. किती तरी जागी अजून थोडे डावीकडे सरकायला हवे हे दिसत असूनही मी सरकले नाही, कारण मागे कोणीतरी जांभई दिली होती. एकटीने फिरता आले असते, तर माझे काम निराळे झाले असते, असे मी स्वतःशी अनेकदा म्हटले आहे आणि माधवजवळ एकदा मोठ्यानेही. तो विषय इथे नको.

तर आज ते एकटेपण मिळाले, आणि तेही धनकरसमोर. मातीत गोटे रुतून बनलेल्या त्या झिजक्या सुळक्यांच्या अंगावर जुना गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, चिकटून उभा आहे आणि पायाखालचा कडा हळूहळू ढासळतो आहे. २००६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर स्थळांच्या यादीत त्याचे नाव घातले होते. खाली पिन आणि स्पीती या नद्यांचा संगम आहे, रुंद पात्रात दोघींच्या जटा पसरलेल्या. ३,८०० मीटरच्या वरचे आकाश इतके गडद निळे असते की लाल फिल्टर लावला तर ते ठार काळे होऊन बसते, आणि सावल्यांना उजेड देणारे तेच निळे आकाश असल्यामुळे सावल्याही मरतात. मी नारिंगी लावला. सुळक्यांमधल्या घळीतली सावली स्पॉट मीटरने मोजून काळ्यापासून पांढऱ्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांतल्या तिसऱ्या झोनवर ठेवली, गोंपाच्या पांढऱ्या भिंती सातव्यावर येतात का ते पाहिले, आणि त्या जेमतेम आल्या. पुढच्या उतारावरचे दगड आणि लांबचा गोंपा दोन्ही नेमके यावेत म्हणून लेन्स पुढे कलवली. पण तसे केले की उंच सुळक्यांची टोके मऊ पडू लागतात, म्हणून छिद्र एफ ३२ पर्यंत लहान केले आणि शटर आले सेकंदाच्या एक अष्टमांशावर. एवढा वेळ बेलोज वाऱ्यात स्थिर राहायला हवेत, आणि स्पीतीत दुपारनंतर वारा अंगात आल्यासारखा सुटतो. तो पडण्याची वाट पाहायची, आणि त्यातच एका ढगाची सावली मागच्या डोंगरावर सरकत होती, ती गोंपाच्या बरोबर पाठीमागे आली तर पांढऱ्या भिंती उठून दिसणार होत्या.

मला हवे होते ते सगळे होते. वेळ होता, कोणाची जांभई नव्हती, हवे तितके डावीकडे सरकता येत होते आणि मी सरकलेही. पुन्हा एकदा काच तपासली, कापडातून डोके बाहेर काढले आणि मोठ्याने म्हणाले, "झालंच हं, दोन मिनिटं."

रस्ता रिकामा होता. बाटली होती.

मला रडू आले असे लिहिले तर ते खोटे होईल, पण घशाशी काहीतरी आले खरे. मी केबल रिलीज हातात धरून उभी राहिले आणि विचार करत बसले, तो फोटोचा नव्हे, तर हे लोक आता चहाबरोबर काय खात असतील, माझे नाव निघाले असेल का, निघाले तर हसून निघाले असेल की कंटाळून. मला कोणी थांबवून घ्यावे, विचारावे, "किती वेळ गं?" असे वैतागून म्हणावे, असे चक्क वाटू लागले. ज्या वैतागाला मी आयुष्यभर भ्याले, तोच आज हवासा झाला होता. मानपान न झालेल्या वरमाईसारखी मी त्या वळणावर फुगून उभी होते, आणि समजूत काढायला मैलभरात चिटपाखरू नव्हते.

वाट पाहताना सॅम्युअल बोर्न या जुन्या इंग्रज फोटोग्राफरची आठवण झाली, कारण त्या भागात ती होतेच. १८६६ साली तो याच खोऱ्याच्या बाजूच्या मणिरंग खिंडीवर काचेच्या प्लेटा घेऊन चढला होता. त्याच्या हिशेबाने खिंडीची उंची १८,६०० फूट. तेव्हा ओल्या कोलोडियनची पद्धत होती, म्हणजे प्लेट जागेवरच माखायची, ओली असतानाच टिपायची आणि तंबूत जाऊन लगेच धुवायची. बरोबर हमालांचा तांडा. त्यांना थांबण्याचेच पैसे मिळत होते, तरी ते वाटेत पळून जात असल्याच्या तक्रारी त्याने स्वतः लिहून ठेवल्या आहेत. मला तेव्हा हमालांची बाजू पटली. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सने १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा तो प्रसिद्ध फोटो घेतला, तेव्हा पिवळ्या फिल्टरवर एक प्लेट खर्चून उरलेल्या शेवटच्या प्लेटीला लाल फिल्टर लावला, ही गोष्ट आमच्या पंथातला प्रत्येक जण सांगतो. त्या दिवशी बर्फातून चढून आलेली व्हर्जिनिया, पुढे त्याची बायको झालेली, आणि मित्रमंडळीही त्याच्याबरोबर होती. फिल्टरची गोष्ट मी कितीदा वाचली असेल. पण ती सगळी त्या कड्यावर किती वेळ ताटकळली, हे मी कुठे वाचलेले नाही. आमच्या घरी मात्र उलटे आहे. माझे फिल्टर कोणाला ठाऊक नाहीत, ताटकळण्याचा इतिहास मात्र तोंडपाठ आहे.

इथे मला हसू फुटले, आणि ते बरे झाले, कारण त्याच सुमारास वारा पडला. ढगाची सावली गोंपाच्या मागे आली नव्हती, खालच्या नदीकडे भरकटली होती. पण डार्क स्लाइड ओढली आणि शटर सोडले. स्लाइड काळी बाजू बाहेर करून परत सरकवली, होल्डर उलटा केला, आणि दुसरे शीट सावलीसाठी राखून पुन्हा वाट पाहिली. सावली शेवटपर्यंत आली नाही. मागे कोणी उभे असते, तर मी ते शीट केव्हाच उडवून मोकळी झाले असते. आज ते कोरेच परत आणले. हे चांगले की वाईट ते कळत नाही. कोणाच्या तरी जांभईने आजवर माझे निर्णय पटकन होत होते, हेही त्या वळणावर प्रथमच लक्षात आले, आणि ते मला फारसे आवडलेले नाही.

ड्रायव्हर परत आला आणि म्हणाला, "हो गया, मॅडम?" त्याच्याही आवाजात घाई नव्हती. आज सगळ्यांनी ठरवूनच घाई सोडली होती की काय कोण जाणे. वर पोचले तर पत्त्यांचा डाव रंगला होता. वहिनी म्हणाली, "आलीस? थुक्पा सांग, इथलं हे नूडल्सचं सूप छान आहे." कसा झाला फोटो, असे कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर "धुतल्याशिवाय काय सांगू" हे माझे नेहमीचे उत्तर मी दिले असते, जे ऐकून ऐकूनच त्यांनी विचारणे सोडले असावे. माधवने मात्र सरकून जागा केली. थुक्पा खरोखर छान होता.

आत्ता इथे खोलीत धूळ आहे. दार लावून, टेबल ओल्या फडक्याने दोनदा पुसून मग होल्डर उघडायला हवेत, कारण भरताना शीटवर बसलेला कण प्रिंटमध्ये काळा ठिपका होऊन उतरतो आणि तो मग पांढऱ्या गोंपाच्या भिंतीवरच नेमका बसतो. उद्या लांग्झा गाव. समोर चाऊ चाऊ कांग निल्दा, ६,३०० मीटरचे शिखर, आणि ढग असतील तर तिथे माझा अख्खा दिवस जाईल. जेवताना मी आपणहून म्हणाले की तुम्ही हिक्कीमला जा, पोस्टातून कार्डे टाका, मी लांग्झातच राहते. शहाणपणाने म्हणाले, असे मला तरी वाटले. दादाने लगेच मान डोलावली.

"मी थांबते हिच्याबरोबर," वहिनी म्हणाली.

यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, वहिनीला थंडी बाधते, तिला एका जागी गप्प बसवत नाही, म्हणजे उद्या पुन्हा दर पाच मिनिटांनी कापडातून डोके बाहेर काढणे आले. मी तिला म्हटले, "अगं, वारा फार असतो, कंटाळशील." ती म्हणाली, "छे गं, लोकर आणलीय मी. स्वेटरची पाठ झालीये, बाह्या राहिल्यात." तिच्या विणण्याचा वेग मला माहीत आहे. एका बाहीत ढगाची सावली जागेवर आली, तर ठीक. नाहीतर दुसरी बाहीही उद्याच होणार.