‘पूर्णपणे’ हा शब्द

मी एका मोठ्या इंटरनेट कंपनीत पुसण्याचं काम करतो. वापरकर्त्यानं ‘माझी माहिती काढून टाका’ म्हटलं, की ती खरोखर गेली का हे बघायचं. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. पण एकाच माणसाचे तुकडे डेटाबेस, लॉग, सर्च इंडेक्स, जाहिरातींचं प्रोफाइल अशा चाळीसेक जागी पडलेले असतात. त्यात बॅकअप सगळ्यात चिवट, त्यातून एकटा माणूस वेचून काढता येत नाही. म्हणून पुसलेल्यांच्या सांकेतिक क्रमांकांची यादी ठेवायची आणि बॅकअप परत चढवला की ती लगेच चालवायची. नाहीतर गेलेले सगळे उठून बसतात. कुणाला विसरायचं ते लक्षात ठेवणारी वही! दोन वर्षं खपून मी ती उभी केली.

आणि एक दिवस युरोपातल्या नियामकाचं पत्र आलं. आम्ही पुसलेल्या एका गृहस्थांना चार महिन्यांनी आमचीच मेल गेली होती : ‘तुमची आठवण येतेय, परत या.’

विधी विभागानं आधी दंड मोजला. जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याप्रमाणे कमाल २ कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल ते. मग सगळ्यांची नजर माझ्या वहीकडे. दोन रात्री मी एकेक बॅकअप तपासला. वही स्वच्छ होती. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

तिसऱ्या दिवशी मेल पाठवणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे एक फाइल सापडली. मार्केटिंगमधल्या एका मुलीनं ती गृहस्थांच्या अर्जाच्या आधीच उतरवून तिकडे चढवली होती. नाव ‘फायनल_नवीन_२’. त्यात नाव, ईमेल, शेवटचं लॉगिन आणि ‘परत येण्याची शक्यता’ असा एक रकाना. गृहस्थांपुढे ८३ टक्के. हे आमचं भाकीत!

मुलगी कामसू आहे, तिच्यावर राग नाही. एक्स्पोर्टचं बटण सगळ्यांना उघडं होतं. ते बंद करा असं मी दोनदा लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘पुढच्या तिमाहीत बघू.’ पण जीडीपीआरचं कलम १९ स्पष्ट आहे : ज्यांना माहिती दिली, त्यांना पुसल्याचं कळवा. आम्ही कळवलं नव्हतं, कारण माझ्या चाळीस जागांत ती कंपनीच नव्हती. मार्केटिंगला मी कधी विचारलंच नव्हतं.

वकिलांनी उत्तरात ‘मानवी चूक’ असं लिहिलं. कुठल्या मानवाची, ते नाही. पुरावा म्हणून गृहस्थांचं नाव आणि पत्ता आता तक्रारीच्या फाइलमध्ये आहे, आणि तो काही वर्षं पुसता येणार नाही.

अर्जदारांना जाणाऱ्या पत्रात आमचं ठरलेलं वाक्य आहे : ‘आपली माहिती पूर्णपणे हटवण्यात आली आहे.’ त्यातलं ‘पूर्णपणे’ काढा, असं मी सुचवलं. वकील म्हणाले, काढलं तर लोक शंका घेतील.

आज सकाळीही ती पत्रं गेली. खाली माझ्या विभागाचं नाव आहे.