हातमोजे चोराला देवीचा शाप

आज इंग्लंडमधल्या बाथ शहरात रोमन स्नानगृहं बघून आलो. ४६ अंशांचं गरम पाणी अजून रोज दहा लाख लिटरच्या वर वाहतंय. मोठा तलाव सगळ्यांनी फोटोत पाहिलेलाच असतो. (पाणी हिरवं दिसतं ते वरचं छप्पर गेल्यामुळे, ऊन लागून शेवाळं धरतं.)

मी खरा रेंगाळलो तो शापांच्या पत्र्यांपाशी. शिशाचा पातळ तुकडा, त्यावर टोकदार काडीने कोरलेली बारीक अक्षरं, मग घडी घालून थेट झऱ्यात! असे सुमारे १३० सापडलेत. सगळं गाऱ्हाणं सुलिस मिनर्वा देवीपुढे. सुलिस मूळची इथली, मिनर्वा रोमनांची. दोघी एक झाल्या.

डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले. त्याची मागणी काय, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत! चोर कोण हे ठाऊक नसलं की 'पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र' असं पक्कं वकिली कलम. पळवाटच नको. आपल्या कोकणातलं गाऱ्हाणं आठवलं.

सम्राट-सेनापतींपेक्षा मला हा हातमोजेवाला जवळचा वाटला. डोळे जावेत हे जरा अतीच, पण इथल्या जानेवारीत हातमोजे हरवून बघा एकदा!